हात न टेकता काढायची रेघ

वसईत स्टेशनच्या पश्चिमेला, जिथे आता खाली कपड्यांची दुकानं आणि वर कोचिंग क्लास आहेत, तिथे पूर्वी एक बैठं कौलारू घर होतं. पुढे ओटा, ओट्याला लाल कोबा, आणि आत शिरल्यावर डाव्या हाताला सनमायका लावलेलं एक जेवणाचं टेबल. घरमालक मुलाकडे परदेशी गेले तेव्हा ते मागे राहिलेलं. त्या टेबलाशी माझ्या धाकट्या भावाचे कितीतरी शनिवार गेले, आणि त्याच्याबरोबर माझे आणि आईचेही. कितीतरी म्हणजे किती, हे मला सांगता येत नाही आणि ते मला टोचतं. मी इथल्याच एका औद्योगिक वसाहतीत, पंख्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत कॉस्टिंग बघते. अंदाजे आकडा लिहिण्याची मला सवय नाही. म्हणून या लिखाणात जिथे नक्की आठवत नाही तिथे आठवत नाही असंच लिहीन.

आम्ही मूळचे वसईजवळच्या जूचंद्रचे. खाडीकाठची भातशेती, वडील लवकर गेले, आईने आम्हां दोघांना वाढवलं. मी लग्न होऊन वसईत, एव्हरशाईन सिटीत आले. नवरा रत्नागिरीकडचा, नोकरदार. आई आणि भाऊ गावातच राहिले. आमचं गाव रांगोळीचं आहे. ठिपक्यांच्या रांगोळीचं नाही, माणसांच्या चेहऱ्यांचं. दिवाळीत शाळेच्या वर्गांतली बाकं बाहेर निघतात, प्रत्येक जण जमिनीवर आपली चौकट आखून घेतो आणि दिवसचे दिवस त्या चौकटीशी वाकून बसतो. बाहेरगावचे लोक रांग लावून बघायला येतात आणि हा फोटो नाही यावर त्यांचा विश्वास बसत नाही. त्यामुळे मुलगा किती शिकला याच्याआधी त्याचा हात कसा आहे हे आमच्याकडे विचारलं जातं. माझा हात वाईट होता, मी हिशेबाकडे वळले. भावाचा हात गावातल्या चांगल्या हातांत धरला जायचा. डोळ्याखालची सुरकुती तो एका चिमटीत सोडायचा आणि पुन्हा तिथे हात न्यायचा नाही.

मग तो आजारी पडला. आधी झोप गेली, मग त्याला माणसं ऐकू यायला लागली. घरात कोणी नसताना तो उत्तरं द्यायचा. गावात काहींनी काही सांगितलं, ते आम्ही थोडं केलंही. शेवटी मुंबईच्या एका डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया, आणि गोळ्या लिहून दिल्या. त्या गोळ्यांनी आवाज थांबले, हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचताना कोणाला गोळ्या वाईट असं वाटायला नको. पण त्या डॉक्टरांकडे बोलायला वेळ नसे. बोलण्यासाठी दुसरीकडे एक बाई होत्या, त्यांना गोळ्या कुठल्या चालू आहेत हे माहीत नसे. एकाचं दुसऱ्याला सांगायला मी जायचे आणि सांगताना माझ्याच शब्दांत सांगायचे. असं बरेच दिवस चाललं.

त्या कौलारू घराचा पत्ता कोणी दिला ते आठवत नाही. तिथे चौघं जण होते. डॉक्टर सोलापूरकडचे, सावकाश बोलणारे, वाक्याच्या शेवटी 'की' लावणारे. मानसशास्त्रज्ञ बाई चौघांत वयाने मोठ्या. तासभर ऐकून घेऊन एक प्रश्न विचारायच्या. ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून एक तरुण मुलगी होती, जी पेशंटला रोजची कामं, हातांची कामं पुन्हा करायला शिकवायची. आईला ते लांबलचक नाव येईना, म्हणून आई तिला हाताची डॉक्टरीन म्हणायची, आणि पुढे सगळेच तसं म्हणायला लागले. आणि चौथे समाजसेवक, इथल्याच पश्चिमेकडच्या ख्रिस्ती वाडीतले, स्कूटरवरून घरोघरी फिरणारे. त्यांच्या डिकीत बहुतेक वेळा सुकेळी असायची, घरच्या केळ्यांची वाळवलेली.

आठवडाभर चौघं आपापल्या खोलीत पेशंट बघायचे आणि शनिवारी दुपारी टेबलाशी एकत्र बसायचे. त्या टेबलाचा एक नियम होता. ज्याच्याबद्दल बोलायचं तो माणूस समोर बसलेला पाहिजे. त्याच्यामागे कोणीही काही बोलायचं नाही, घरच्यांनीसुद्धा नाही. पहिल्याच महिन्यात मी डॉक्टरांना ओट्यावर गाठून हळूच काही सांगायला गेले, तर ते म्हणाले, "ताई, टेबलावर सांगा की. त्यालाही कळू दे."

दुसरा नियम रस्त्यावरचा होता. बाहेर कुठे भेट झाली तर चौघांपैकी कोणी आपणहून ओळख दाखवणार नाही. पेशंटने दाखवली तर दाखवतील. आईला हे पटायला वेळ लागला. बाजारात समाजसेवक समोरून आले आणि न बघता गेले तेव्हा ती मला म्हणाली, "केली देताना गोड बोलतो, आन बाजारान तोंड फिरवतो." लोकांना आजार कळू नये म्हणून, हे सांगितल्यावर म्हणाली, "शहाना हाय."

टेबलाशी बसलं की आधी खाऊ. सुकेळी, नाहीतर कोणी आणलेलं काही. मग डॉक्टर भावाला विचारायचे, "आठवडा दहापैकी किती?" आणि भाऊ आकडा सांगायचा. मला ही पद्धत फार आवडायची, हे कबूल करते. भाऊ सहा म्हणायचा, आई लगेच म्हणायची, "सहा कशाला, सात हाय. जेवलाय बरा." आणि मानसशास्त्रज्ञ बाई म्हणायच्या, "आई, त्याचा आकडा त्याचाच राहू दे. तुमचा वेगळा घेऊ." त्यामुळे आईचा वेगळा आकडा घेतला जायचा. मला वाटतं आई त्यासाठीच शनिवारची वाट बघायची.

त्यानंतरच्या दिवाळीत अडलं. भाऊ गोळ्या घेत होता, झोपत होता, जेवत होता, पण रांगोळीला हात लावत नव्हता. रांगोळीतले जोडीदार बोलवायला आले तर मागच्या दाराने शेतावर गेला. आईने ते टेबलावर सांगितलं. "डॉक्टर, सगलं बरा हाय. पन रांगोली सोडली यानी. आमच्या गावचा पोर रांगोली सोडतो म्हंजे अजून बरा नाय झाला."

भाऊ टेबलाच्या सनमायकाकडे बघत राहिला. डॉक्टरांनी त्याला विचारलं, मन लागत नाही का. तो म्हणाला, "नाय लागत."

या आजारात माणसाची इच्छाच मरते, आवडीची कामं सुटतात, हे आम्हांला तोवर शिकवलेलं होतं. आईचं म्हणणं त्यात बरोबर बसलं. डॉक्टरांनी त्याला दोन्ही हात पुढे धरायला लावले, बोटांवर एक कोरा कागद ठेवून बघितलं, थोडा कंप आहे, सौम्य आहे, असं म्हणून ते लिहिलं, आणि गोळी थोडी वाढवली. पुढच्या शनिवारी भावाचा आकडा पाच झाला. मग चार. आईचाही उतरला. हिवाळा तसाच गेला, उन्हाळाही.

पावसाळ्यातल्या एका शनिवारी, चिंचोटीच्या धबधब्याकडे जाणाऱ्या गाड्यांनी हायवे अडल्यामुळे आई आणि भाऊ उशिरा पोचले होते. टेबलाशी बसल्यावर समाजसेवकांनी भावाला विचारलं, "मी बुधवारी तुझ्या घरी आलो होतो. तिथे जे बघितलं ते तू सांगतोस का मी सांगू?"

"तुमीच सांगा," भाऊ म्हणाला.

"आईंनी आम्हांला दोघांना कपबशीत चहा दिला. तू तुझा कप आत घेऊन गेलास आणि स्टीलच्या ग्लासात ओतून आणलास. ग्लास अर्धाच भरलेला होता. आणि दोन्ही हातांनी धरलेला."

हाताची डॉक्टरीन म्हणाली, "पण माझ्याकडे तो नट-बोल्ट लावतो, सुई ओवतो. मी तर दर आठवड्याला हात चांगला आहे असंच सांगत आलेय."

"मी सौम्य लिहिलंय," डॉक्टर म्हणाले. "कपाला त्रास होईल इतका नव्हता की तो."

तीन जणांची तीन मतं समोर आली. मानसशास्त्रज्ञ बाईंनी फक्त भावाकडे बघितलं आणि विचारलं, "ते टेबलावर ठेवायचं का?" भावाने मान हलवली, नाही. मला कळलं की त्यांना काहीतरी माहीत आहे आणि त्या ते सांगणार नाहीत. मला राग आला. चार जण एकत्र बसून एकमेकांपासून लपवायचं असेल तर टेबल कशाला, असं माझ्या तोंडापर्यंत आलं होतं.

तेवढ्यात त्या मुलीने आपलाच उजवा हात टेबलावर ठेवला आणि सुई ओवल्यासारखं केलं. मग हात उचलला. मग पुन्हा ठेवला. ती आईकडे वळली. "आई, तुमच्याकडे रांगोळी काढताना हात कुठे टेकवतात?"

आई हसली. "पोरी, टेकला तं रांगोली मोडंल नाय? हात वर. हवेन."

"तासन् तास?"

"मंग. तीच तर कला हाय."

त्या मुलीने डॉक्टरांकडे बघितलं. ती जे म्हणाली ते मला शब्दशः आठवत नाही, पण अर्थ असा की माझ्या खोलीत प्रत्येक कामाला मनगट टेबलावर टेकलेलं असतं. याचा हात मी कधी अधांतरी बघितलाच नाही.

समाजसेवक उठले आणि भर पावसात कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून रांगोळीची पुडी घेऊन आले. आईने ती फोडून बोटांत चोळून बघितली. "ही दारातली. जाडी. ही आमच्या कामाची नाय."

"चालंल," भाऊ म्हणाला. त्या दिवशी तो पहिल्यांदाच आपणहून बोलला होता.

सगळे ओट्यावर आलो. भाऊ लाल कोब्यावर उकिडवा बसला. त्याने चिमूट घेतली, हात उचलला आणि रेघ सोडायला सुरुवात केली. मी लहानपणापासून त्याची रेघ बघत आलेय, ताणलेल्या दोऱ्यासारखी. ही रेघ निघाल्यापासूनच हलत होती. वीतभर गेली आणि तो थांबला. तिच्याखाली त्याने दुसरी काढली. तीही तशीच. मग तो तळहाताने दोन्ही पुसायला लागला.

"पुसू नका," डॉक्टर म्हणाले. ते पँट मळेल हे न बघता ओट्यावर खाली बसले आणि जमिनीला डोळे लावून त्या रेघेकडे बघत राहिले. बराच वेळ. मग म्हणाले, "मी याला सौम्य लिहिलं होतं."

"तुमच्यासाठी सौम्य असंल, डॉक्टर," भाऊ म्हणाला.

कौलांवरून पाणी पडत होतं. भाऊ हातातली उरलेली रांगोळी चोळत बसला, आणि मग त्याने मानसशास्त्रज्ञ बाईंकडे बघून मान हलवली, या वेळी हो म्हणून. पण बाईंनी तरीही सांगितलं नाही. "तूच सांग," म्हणाल्या.

त्याने सांगितलं. रांगोळीत मन लागत नाही हे खोटं होतं. जोडीदारांसमोर हात हलेल म्हणून तो गेला नव्हता. गोळी वाढल्यावर हात जास्त हलायला लागला. मग त्याने मधूनमधून गोळी न घेता बघितलं, हात परत येतो का. दोन-तीन दिवस सोडली की थोडा परत यायचा. "पन मंग कानान सुरू होतं. बारीक. लांबून. मी घाबरून परत घेतो." तो थांबला. "मना हात पायजे. आन ते आवाज नकोत. दोन्ही कसा व्हयाचा ते मना समजत नाय."

इतकं साधं होतं ते. त्याच्या आजाराच्या एवढ्या वर्षांत त्याचं म्हणणं मला इतकं स्पष्ट कधीच कळलं नव्हतं. आईने पदर तोंडाला लावला. त्याने रांगोळी सोडल्याचं तिने सांगितलं ते खरंच होतं, आणि त्यावरून तिने आणि सगळ्यांनी जे ठरवलं ते जूचंद्रच्या माणसाने ठरवावं तसंच होतं. रांगोळीवरच्या प्रेमापोटी कोणी रांगोळी सोडेल हे आमच्या गावात कोणाच्या डोक्यात आलं नसतं.

नंतर टेबलाशी जे झालं ते भांडणच होतं. डॉक्टर म्हणत होते, औषध बदलणं म्हणजे जुनं हळूहळू उतरवायचं, नवं हळूहळू चढवायचं, आणि मधल्या काळात आजार उलटू शकतो. हा माणूस आज उभा आहे तो या गोळीवर. ती मुलगी म्हणत होती, उभा आहे पण कशासाठी. समाजसेवक म्हणाले, घर एकटं आहे, रात्री आई आणि तो दोघंच, काही झालं तर धावणार कोण. मानसशास्त्रज्ञ बाई शेवटी बोलल्या. "डॉक्टर, तो गोळी थांबवतोच आहे. आपल्याला माहीत असताना कमी करायची का माहीत नसताना, एवढंच ठरवायचंय."

डॉक्टर भावाकडे वळले. "माझ्याशिवाय एकही गोळी सोडायची नाही. हे जमेल का? खरं सांगा की."

"हात विचारनार का दर शनिवारी?"

"विचारणार."

"मंग जमंल."

असं ठरलं. आणि त्यापुढचे महिने, मला आता वाटतं, त्या घरातले सर्वांत चांगले महिने होते. कोणा एकाने काही करायचं आणि बाकीच्यांना नंतर कळायचं असं काही उरलंच नाही. झोप आईने बघायची, कारण झोप आधी मोडते. आवाज यायच्या आधी त्याला स्वतःला काय काय जाणवतं हे मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याच्याकडून शोधून काढलं. रस्त्यावरची माणसं आपल्याकडेच बघतायत असं वाटायला लागतं, आणि चहा कडू लागतो. कडू चहाचं ऐकून आई म्हणाली, "मी समजायची दूध बिघडला." समाजसेवक बुधवारी जाऊन यायचे. माझ्याकडे काम होतं दोन औषधांचे आकडे सांभाळायचं, कोणती किती उतरली, कोणती किती चढली. ते डॉक्टरांनी आपणहून मला दिलं, आणि मला आयुष्यात दिलेल्या कामांत ते मला सर्वांत मोलाचं वाटतं.

हाताचं काम त्या मुलीचं. तिने आधी भावाकडून रांगोळी शिकायला घेतली, कोणता स्नायू कुठे ताणला जातो हे कळावं म्हणून. तिचा हात माझ्याहून वाईट होता. भाऊ तिच्या रेघेकडे बघून म्हणाला, "मॅडम, ही रेघ हाय का खाडी?" त्या दिवशी आम्ही त्याला बऱ्याच काळाने हसताना बघितलं. मग तिने एक फळी आणली, दोन्ही टोकांना विटा लावून जमिनीवर आडवी ठेवली. खाली रांगोळी, वर फळी, फळीवर मनगट, आणि बोटं फळीच्या कडेवरून खाली. हात टेकलाही आणि रांगोळी मोडलीही नाही. भाऊ फळीकडे बघत राहिला. आमच्या गावात हात टेकणं म्हणजे हात नसणं. त्याने दोन शनिवार फळीला हात लावला नाही. त्या मुलीनेही आग्रह केला नाही. फळी ओट्याच्या कोपऱ्यात उभी राहिली. तिसऱ्या शनिवारी तो आपणहून बसला.

सगळं सरळ झालं नाही. गणपतीनंतर एके सकाळी आईने मला फोन केला. "बाय, दोन राती झोपला नाय. आन चहा ओतून टाकला." मी समाजसेवकांना कळवलं, त्यांनी डॉक्टरांना, आणि शनिवारची वाट न बघता दुपारी सगळे टेबलाशी होते. भावाला वाटत होतं आता जुनी गोळी परत पूर्ण देणार आणि हात गेला. डॉक्टरांनी उतरवणं तिथेच थांबवलं, मागे नेलं नाही. झोपेसाठी काही दिवस एक वेगळं दिलं. मानसशास्त्रज्ञ बाई रोज फोनवर बोलल्या. तो काळ किती दिवसांचा होता हे आकड्यांत माझ्याकडे असायला हवं, पण त्या दिवसांत मी फक्त औषधं टिपली, दिवस नाही. झोप परत आली एवढं खरं. त्यानंतर उतरवणं पुन्हा सुरू झालं, आधीपेक्षा सावकाश.

ते घर आता नाही हे वर लिहिलंच आहे. मालकांनी विकलं, आणि जागा शोधता शोधता चौघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. डॉक्टर सोलापूरला परतले, त्यांचे आईवडील थकले होते. ती मुलगी लग्न होऊन बाहेर गेली. मानसशास्त्रज्ञ बाई निवृत्त झाल्या. समाजसेवक इथेच आहेत, भेटतात, आणि आता भाऊच त्यांना लांबून हाक मारतो. भावाचं औषध चालू आहे, दुसरे डॉक्टर चांगले आहेत. पण ते एका इमारतीत, समुपदेशक दुसऱ्या इमारतीत, आणि एकाचं दुसऱ्याला सांगायला पुन्हा मीच जाते. मी प्रत्येकाला विचारते, तुम्ही एकदा एकत्र बसाल का. ते म्हणतात, फोनवर बोलून घेऊ. कधी बोलतात. मी तक्रार करत नाही. फक्त मला ते टेबल आठवतं, आणि चार शिकलेली माणसं एका रेघेसाठी ओट्यावर जमलेली आठवतात.

त्यातली एक गोष्ट सांगायची राहिली. गोळी बदलली त्याच वर्षीच्या दिवाळीची.

भाऊ प्रदर्शनात बसला. पूर्ण चेहरा घ्यायची हिंमत झाली नाही. एका जोडीदाराने भाजीवालीचं चित्र घेतलं होतं, त्यातली टोपली आणि मागची भिंत भावाने घेतली. फळी तो घरून घेऊन गेला. पहिल्या दिवशी वर्गात हशा पिकला. "काय रे, पूल बांधलास?" कोणी म्हणालं, "टोल कवा लावतोस?" भाऊ मनगट टेकून काम करत राहिला. तिसऱ्या का चौथ्या दिवशी ज्याने टोलचं विचारलं होतं तोच येऊन बसला. "कंबर गेली रे माझी. ती फली जरा दे." भावाने दिली नाही. म्हणाला, "टोल दे."

प्रदर्शन उघडल्यावर एका संध्याकाळी मी आणि आई दोरीच्या आतल्या बाजूला स्टुलांवर बसलो होतो. लोक रांगेने पुढे सरकत होते. त्या रांगेत मला चौघं दिसले. डॉक्टरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, त्या मुलीने साडी नेसली होती. सगळ्या पाहुण्यांसारखे ते एकेका चौकटीशी थांबत, वाकून बघत पुढे येत होते. आमच्याकडे त्यांनी बघितलं नाही. आई हात वर करणार होती. मी तिचा हात धरला. नियम तिला आठवला, तिने हात मांडीवर ठेवला, पण डोळे काढले नाहीत.

चौघं टोपलीसमोर येऊन थांबले. टोपलीत वांगी होती, एकेका वांग्यावर उजेडाचा ठिपका. ती मुलगी वाकून बघत होती, डॉक्टर भिंतीचा रंग बघत होते. रांगेतले मागचे लोक म्हणाले, "चला पुढे."

भाऊ त्यांच्याकडेच बघत होता. वर्गात सगळे जोडीदार होते, गावची माणसं होती. मला वाटलं तो मान खाली घालेल, आणि घातली असती तरी कोणी काही म्हणालं नसतं.

"डॉक्टर," तो मोठ्याने म्हणाला. "चपला काढून आत या. सगले या."

शेजारच्या चौकटीवरून जोडीदाराने विचारलं, "कनचे डॉक्टर रे?"

"माझ्या डोक्याचे," भाऊ म्हणाला. मग त्या मुलीकडे बोट केलं. "आन ही हाताची. फली हिची हाय."

चौघं चपला काढून दोरीखालून आत आले. आई उठून त्यांना स्टूल द्यायला लागली, कोणी बसलं नाही. भावाने फळी उचलून बाजूला भिंतीला लावली. चौकटीच्या बाहेर शाळेची मोकळी फरशी होती. त्याने पांढरी चिमूट घेतली, बारीक, आमच्या कामाची, आणि हात उचलला. डॉक्टर त्या दिवसासारखेच खाली बसले.

त्याने रेघ सोडली. वीतभर, मग आणखी वीतभर. मी जवळून बघितली. दोऱ्यासारखी नव्हती ती. मध्ये एके ठिकाणी, आणि शेवटाकडे पुन्हा एकदा, किंचित हललेली होती. ज्याला माहीत नाही त्याला दिसली नसती. मला दिसली, आईला दिसली, आणि डॉक्टरांनाही दिसली असणार, कारण ते जमिनीला डोळे लावून बघत होते.

त्यांनी मान वर केली. "याला काय लिहू मी?"

भावाने रेघेकडे बघितलं. बोटांना लागलेली रांगोळी झटकली.

"लिहा सौम्य," तो म्हणाला. "आता चालंल."